धान्यापासून इंधनाचं इथेनॉल: खरा खेळ कॉलमच्या आधीचा

डिस्टिलरी बघायला आलेला माणूस आधी मान वर करून कॉलमकडे, म्हणजे उकळलेल्या द्रवातून अल्कोहोल वेगळं करणाऱ्या उंच नळकांड्याकडे बघतो. फोटोही तिथलाच काढतो. मी शिफ्ट केमिस्ट म्हणून फर्मेंटेशनवर, म्हणजे आंबवण्याच्या विभागात, बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती धरा. पण कॉलम अल्कोहोल तयार करत नाही. टाकीत जेवढं झालं तेवढंच तो वेगळं करून देतो. आणि टाकीत किती होणार, हे पीठ शिजतानाच जवळजवळ ठरलेलं असतं. म्हणून या लेखात शिजवणं आणि आंबवणं यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे. ऊर्ध्वपातनावर हवी तेवढी पुस्तकं आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट. इंधनासाठी का होईना, अल्कोहोल गाळायला जवळपास प्रत्येक देशात परवाना लागतो. अर्ज आधी, भांडी नंतर. परवान्याच्या अटींमध्ये अल्कोहोल पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात काय आणि किती मिसळायचं हेही असतं. ते पहिल्याच दिवशी वाचून ठेवा, कारण साठवणीची मांडणी त्यावर ठरते.

आधी कागदावर

हिशोबासाठी १०० किलो मका घेऊ. साधारण १३ टक्के ओलावा असलेल्या चांगल्या मक्यात ६० ते ६२ किलो स्टार्च असतो. ज्वारी याच्याच आसपास, गहू थोडा खाली, तांदळाची कणी बरीच वर, बार्ली बरीच खाली. स्टार्चला पाणी जोडून ग्लुकोज होताना वजन वाढतं: १६२ ग्रॅमचे १८० ग्रॅम. त्या १८० ग्रॅम ग्लुकोजचे यीस्ट ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड करतं. म्हणजे एक किलो स्टार्चमागे जास्तीत जास्त ५६८ ग्रॅम, सुमारे ०.७२ लिटर इथेनॉल. ६२ किलोचे कागदावर साडेचव्वेचाळीस लिटर झाले. प्रत्यक्षात ४० लिटर हाती आलं तर काम चोख झालं असं मी म्हणेन. ३५ च्या खाली आलात तर गळती शोधा, आणि ती बहुतेक वेळा कॉलममध्ये सापडत नाही.

कुणी टनाला पाचशे लिटर मका-इथेनॉल काढून देतो म्हणाला, तर वरचा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

धान्य घेताना हातात घेऊन वास घ्या. कुबट, बुरशीचा वास आला तर ते धान्य इंधनालाच जाणार असलं तरी घेऊ नका. बुरशीचं विष अल्कोहोलमध्ये येत नाही हे खरं, पण स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्यात ते जवळजवळ तिपटीने दाट होतं, आणि तो चोथा तुम्ही जनावरांना घालणार असता. गडद तांबड्या ज्वारीत टॅनिन हा तुरट घटक जास्त असतो. तो स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमला आणि यीस्टला दोघांनाही जाच करतो.

दळण

हॅमर मिलला ३ मिलिमीटरच्या आसपासची जाळी लावा. कणी जाड राहिली तर आतल्या स्टार्चपर्यंत पाणीच पोचत नाही. अगदी मैद्यासारखं दळलं तर शिजायला उत्तम, पण नंतर चोथा वेगळा करताना कापड तुंबतं आणि सगळा लगदा तसाच हातात राहतो. दळताना उडणारी धूळ पेट घेते, तेही स्फोटासारखी. मिलजवळ ठिणगी, बिडी, उघडा बल्ब यांतलं काही नको.

शिजवणं

१०० किलो पिठाला २५० लिटर पाणी. मोठे कारखाने याहून दाट चालवतात, सुक्या घटकांचं प्रमाण ३० ते ३५ टक्क्यांपर्यंत नेतात, पण त्यांच्याकडे पंप आणि ढवळणी तशी असते. लहान टाकीत २५ टक्क्यांवर सुखाने काम होतं.

पाणी ४५ ते ५० अंशांवर असताना ढवळणी चालू करा आणि पीठ हळूहळू सोडा. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात. गुठळीचं बाहेरचं कवच शिजून घट्ट होतं आणि आत कोरडं पीठ राहतं. मग ते तासन्‌तास ढवळलं तरी ओलं होत नाही.

पीएच ५.५ ते ६ च्या दरम्यान आणा आणि अल्फा अमायलेज या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमच्या एकूण मात्रेचा साधारण तिसरा हिस्सा आत्ताच घाला. डोस किती हे पुरवठादाराच्या पत्रकावर असतं. एन्झाइमची ताकद ब्रँडगणिक वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका. हा पहिला हिस्सा का, हे एकदा तो न घालता तापवून बघितलं की कळतं. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगतो आणि पातळ दिसणारी स्लरी (पीठ-पाण्याचं मिश्रण) बघता बघता खळीसारखी घट्ट होते. ढवळणीची मोटर कण्हायला लागते, तळ लागतो. आधी घातलेलं एन्झाइम फुगणारा स्टार्च लगेच तोडत जातं आणि घट्टपणाचा तो उंबरठा सहज ओलांडता येतो. गहू, राय आणि बार्लीत स्टार्चखेरीज चिकटपणा आणणारे दुसरे घटकही असतात. त्यांना अल्फा अमायलेज हात लावत नाही, त्यांच्यासाठी वेगळं एन्झाइम मिळतं.

आता उकळीपर्यंत न्या आणि अर्धा तास ठेवा. ज्वारी असेल तर आणखी थोडं, कारण तिच्या स्टार्चभोवती प्रथिनांचं वेष्टण जास्त चिवट असतं. कारखान्यात हेच काम जेट कुकर ११० अंशांच्या आसपास काही मिनिटांत उरकतो. मग ८५ ते ८८ अंशांवर उतरवा, उरलेलं अल्फा अमायलेज घाला आणि दीड ते दोन तास ढवळत ठेवा. मॅश, म्हणजे शिजलेला लगदा, हळूहळू पातळ होतो, पळीवरून सुटताना तार धरत नाही, रंगही जरा गडद होतो.

झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. आयोडीनची चाचणी करा, आणि ती नीट करा. चमचाभर मॅश कापडातून गाळा. पांढऱ्या टाइलवर दोन-तीन थेंब पसरा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग पातळ आयोडीनचा एक थेंब. गडद निळा आला तर स्टार्चच्या लांब साखळ्या अजून तशाच आहेत. जांभळा म्हणजे निम्मी वाट झाली. विटकरी-तपकिरी आला की पुढे जायचं. यात थंड होऊ देणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण गरम नमुन्यात निळा रंग उठतच नाही. रात्रपाळीत घाईत असलेला माणूस वाफाळत्या थेंबावर आयोडीन टाकतो, रंग येत नाही म्हणून खूश होतो आणि न शिजलेला माल पुढच्या टाकीत ढकलतो.

गाळून कापडात राहिलेला चोथाही फेकू नका. चिमूटभर बोटांत चुरडा, टाइलवर पसरा, त्यावर एक थेंब टाका. रस तपकिरी आणि कण्यांमध्ये निळे ठिपके, असं दिसलं तर दळण जाड आहे. जाळी बदला, एन्झाइमची बाटली ओतून तो दोष जात नाही. तपासलेला नमुना मात्र टाकीत परत टाकायचा नाही.

एन्झाइम मिळतच नसेल तर मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं माल्ट चालतं. धान्याच्या १० ते १५ टक्के, शिजलेला मॅश ६५ अंशांखाली आणून घालायचं. त्याहून गरम मॅशमध्ये माल्टमधलं एन्झाइम मरतं. उतारा थोडा कमी पडतो.

थंड करणं

इथे रेंगाळू नका. ६० अंशांखाली आल्यापासून यीस्ट पडेपर्यंतचा मॅश म्हणजे गोड, कोमट, निराधार माल. लॅक्टिक आम्लाचे जीवाणू त्याचीच वाट बघत असतात. आत कॉइल टाकून थंड पाणी फिरवा आणि जमेल तितक्या लवकर ३२ अंशांवर या. पाइपचे बाक, व्हॉल्व्हच्या खाचा, होजचं टोक या जागा आधीच गरम पाण्याने आणि कॉस्टिक सोड्याने धुतलेल्या हव्यात. टाकी सगळेच धुतात. संसर्ग येतो तो न धुतलेल्या व्हॉल्व्हमधून.

वाटेत ६० अंशांखाली आल्यावर पीएच ४.५ पर्यंत उतरवा. सल्फ्युरिक आम्ल वापरत असाल तर आम्ल पाण्यात घालून आधी पातळ करायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच. पीएच मीटरने बघा, कारण तपकिरी मॅशमध्ये पट्टीचा रंग वाचता येत नाही.

आंबवणं

ग्लुकोअमायलेज (तुटलेल्या साखळ्यांचं ग्लुकोज करणारं दुसरं एन्झाइम) आणि यीस्ट आम्ही एकाच वेळी घालतो. अनेकांना वाटतं की सगळ्या स्टार्चची आधी साखर करावी आणि मग यीस्ट सोडावं. पण एकदम सगळी साखर समोर आली की यीस्ट त्या दाटपणाने दबून जातं आणि जीवाणूंचं फावतं. ग्लुकोअमायलेज हळूहळू ग्लुकोज सोडत जातं, यीस्ट ते लगेच खातं, आणि टाकीत साखर साचत नाही. ३२ अंश हे ग्लुकोअमायलेजचं आवडतं तापमान नव्हे, ते ५५ ते ६० आहे. पण दोन-तीन दिवस हातात असल्यावर हा संथपणाच उपयोगी पडतो.

आपल्या टाकीला २०० ते ३०० ग्रॅम कोरडं डिस्टिलरी यीस्ट पुरतं. ते ३५ ते ३८ अंशांच्या स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि फेस धरल्यावर घाला. थेट मॅशमध्ये भुरभुरलं तर बऱ्याच पेशी जागच्या जागी मरतात. धान्यात यीस्टला लगेच घेता येईल असा नायट्रोजन कमी असतो, म्हणून २०० ग्रॅमच्या आसपास युरिया विरघळवून द्या. यीस्ट घालताना थोडी हवा खेळवली तर यीस्टची वाढ चांगली होते. त्यानंतर हवा बंद.

पहिल्या काही तासांत फारसं दिसत नाही. मग बुडबुडे, मग फेस, आणि कोंड्याची जाड टोपी वर येते. दिवसातून दोनदा ती खाली दाबून मिसळा. १२ ते २४ तासांच्या दरम्यान टाकी स्वतःहून तापते आणि थंड पाण्याची कॉइल याच वेळी लागते. ३५ अंशांपुढे जाऊ देऊ नका. वाढतं तापमान आणि वाढतं अल्कोहोल यीस्टला एकत्र मारतात, आणि शेवटची पाच-सात टक्के साखर तशीच राहते.

आता तो वायू. ४० लिटर इथेनॉलबरोबर जवळपास ३० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सुमारे १६ घनमीटर. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद खोली जमिनीपासून छतापर्यंत भरेल एवढा. तो हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, खड्ड्यात आणि रिकाम्या टाकीत साचून राहतो. टाकीचं तोंड घट्ट बंद करायचं नाही. पाण्यातून वायू सोडणारा सापळा लावून नळी बाहेर मोकळ्या हवेत काढा. रिकामी झालेली टाकी धुवायला आत उतरण्याआधी पंखा लावून हवा खेळवा, ऑक्सिजन मीटर लावा आणि बाहेर दुसरा माणूस उभा ठेवा. आत पडलेल्याला काढायला जो धावत उतरतो तोही पडतो. या धंद्यात बळी असेच गेले आहेत.

साधारण ६० ते ७२ तासांत काम संपतं. गाळलेल्या रसाची घनता हायड्रोमीटरवर १.००० किंवा किंचित खाली आली पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका, अल्कोहोल आलं की तो भलतंच दाखवतो. अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास मिळेल.

घनता १.०१५ ला अडकून बसली तर काय? नुसतं आणखी यीस्ट टाकणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि बहुधा निरुपयोगी उपाय. आधी तीन गोष्टी बघा. थंड नमुन्यावर आयोडीन: निळा किंवा जांभळा रंग आला तर दोष शिजवण्यात आहे, तो आता फारसा सुधारत नाही. आयोडीनला निळं काही नाही आणि पातळ करून लावलेली ग्लुकोजची पट्टीही जवळजवळ कोरी राहिली, तर साखळ्या तुटल्या आहेत पण ग्लुकोज होत नाही. ग्लुकोअमायलेज कमी पडलं, किंवा फार गरम मॅशमध्ये पडून मेलं. ते पुन्हा घाला, गाडी चालू होते. पट्टी भरपूर साखर दाखवत असेल तर यीस्ट थकलंय. मग पीएच बघा. ३.८ च्या खाली गेला असेल आणि आंबट दह्याचा किंवा व्हिनेगरचा वास असेल तर जीवाणूंनी ताबा घेतला आहे. लॅक्टिक आम्ल ०.८ टक्क्यांवर आणि ॲसेटिक ०.०५ टक्क्यांवर गेलं की यीस्ट मान टाकू लागतं. अशी टाकी वाचवत बसू नका. जे झालंय ते गाळून घ्या आणि सगळी लाइन धुवा.

गाळणं

गाळणं म्हणजे इथे ऊर्ध्वपातन. धान्याचा वॉश, म्हणजे आंबून तयार झालेला मॅश, चोथ्यासकट भांड्यात घालून खालून जाळ लावला की तळ करपतो. एक तर चोथा गाळून काढा, नाहीतर वाफेने तापवा. उघडी ज्योत तशीही नकोच: शुद्ध इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी जमते, आणि त्याची ज्योत उन्हात डोळ्यांना दिसत नाही. कंडेन्सरचं पाणी थांबलं तर उष्णता आपोआप बंद होईल अशी जोडणी करा. कुठेही वाफ कोंडणारा व्हॉल्व्ह नको. भांडी आणि कॉलम स्टेनलेस स्टीलचे किंवा तांब्याचे. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा टाळा.

१२ टक्क्यांचा वॉश ९२ अंशांच्या जवळपास उकळतो. आत तुकड्यांची भरणी घातलेल्या कॉलमच्या माथ्यावर तापमान ७८ ते ७९ अंशांवर स्थिर ठेवता आलं तर आकारमानाने ९३-९४ टक्क्यांचं अल्कोहोल मिळतं. माथा तापू लागला की द्रव परत खाली सोडण्याचं प्रमाण वाढवा. ८१ च्या वर गेलं की शेवटचं पातळ अल्कोहोल वेगळं धरा आणि पुढच्या खेपेच्या वॉशमध्ये मिसळा. दारू गाळणारे ज्याला घाबरतात ते फ्यूझल तेल (जड अल्कोहोलांचं मिश्रण) इंधनात बिनदिक्कत चालतं, ते जळतं.

समुद्रसपाटीच्या दाबाला कॉलम कितीही उंच केला तरी वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळतात. १९०२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सिडनी यंग यांनी बेंझिन मिसळून ही अडचण ओलांडली. आज तिथे ३ए झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे मणी असतात. त्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची, त्यातून पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. आपल्या ९४ टक्क्यांच्या ४२ लिटरमध्ये पाणी तीनेक किलो असतं. मणी नवे असताना वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी धरतात, पण दहा टक्के धरून चाला: ३० किलो मणी. वापरलेले मणी २०० अंशांवर तापवून पुन्हा चालतात, मात्र आधी त्यांच्यातलं अल्कोहोल पूर्ण निथळून, हवा सोडून उडवा. अल्कोहोलने ओले मणी भट्टीत घालणं म्हणजे आग लावणं.

वापरताना

पेट्रोलमध्ये मिसळायचं असेल तर पाणी एक टक्क्याहून कमी हवंच. त्याहून कडक नियमही आहेत. १० टक्के इथेनॉलचं मिश्रण साध्या हवेत जेमतेम अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. त्यापुढे पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाशी वेगळा थर धरतात आणि इंजिन नेमकं तोच ओढतं. कोरडं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून झाकण घट्ट आणि डबा भरलेला ठेवा.

९४ टक्क्यांचं ओलं इथेनॉल पेट्रोलमध्ये न मिसळता, त्यासाठी जुळवलेल्या इंजिनात एकटं चालतं. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे इंधनाचा प्रवाह दीडपट लागतो. थंडीत इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं. ऑक्टेन मात्र पेट्रोलपेक्षा बराच वरचा. जुन्या यंत्रांतले रबरी वॉशर आणि नळ्या आधी बदला.

उष्णतेचा हिशोब आणि उरलेला चोथा

हे फार कमी लोक मोजतात. ४० लिटर इथेनॉलमध्ये सुमारे ८५० मेगाज्यूल ऊर्जा आहे. मॅश शिजवायला ८५-९०, वॉश पुन्हा उकळीला न्यायला ७५, आणि परत सोडलेला द्रव धरून वाफ करायला दीडशेच्या घरात. म्हणजे गळती शून्य धरूनही ३०० मेगाज्यूल गेले. उघड्या टाकीत, वेष्टण नसलेल्या कॉलमवर तो आकडा सहज दुप्पट होतो, आणि दोन तृतीयांश इंधन बनवण्यातच जळलं असं होतं. म्हणून कॉलमला काचलोकर गुंडाळा, कंडेन्सरमधून निघणारं गरम पाणी पुढच्या स्लरीसाठी धरून ठेवा, आणि कॉलममधून बाहेर पडणाऱ्या उकळत्या चोथापाण्यावरून येणारा वॉश फिरवून आधीच तापवा. नवं यंत्र घेण्याआधी मी हे तीन खर्च करायला सांगेन.

१०० किलो मक्यातून सुमारे ३० किलो कोरडा चोथा उरतो, त्यात २६ ते ३० टक्के प्रथिनं असतात. ओला असेल तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरसतो, तेव्हा लगेच खाऊ घाला किंवा वाळवा. वरचं पातळ पाणी ओढ्यात सोडायचं नाही, ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. त्यातलं एक तृतीयांश पुढच्या खेपेच्या पाण्यात मिसळा: ते गरम असतं, आंबट असल्याने पुढच्या पीएचसाठी आम्ल कमी लागतं, आणि यीस्टला थोडं पोषणही मिळतं. मात्र स्लरीचा पीएच ५.५ च्या खाली घसरत नाही ना हे अल्फा अमायलेज घालण्याआधी बघा. ज्या खेपेत आंबट संसर्ग झाला होता, तिचं पाणी परत घेऊ नका. उकळून जीवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं लॅक्टिक आम्ल तसंच राहतं आणि पुढच्या यीस्टच्या वाट्याला येतं.